घर आणि अंगण : टाकी म्हातारी झाली, हे ओळखायचे कसे?



उन्हाळा सरत आला की आपण छपराची कौले चाळतो, पत्र्याचे हुक आवळतो, वैरण झाकून ठेवतो, कुळवाची पास लोहाराकडून नीट करून आणतो. पाऊस येण्याआधी जे जे जुने, ते ते हाताखालून जाते. एक वस्तू मात्र दरवर्षी राहून जाते. ती म्हणजे घरावरची पाण्याची टाकी. बसवून दहा वर्षे झाली, पंधरा झाली, तिच्याकडे कोणी चढून पाहत नाही. नळाला पाणी येते आहे ना, मग टाकी ठीकच असणार, असा आपला हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे. म्हातारी टाकी एका दिवसात दगा देत नाही. ती आधी बराच काळ खुणा करीत असते. त्या पाहायला कोणी वर गेलेले नसते, एवढेच. आज त्या खुणा कोणत्या, टाकी दुरुस्त करावी की बदलावी, आणि हे काम करताना जिवाला कुठे जपावे, ते नीट पाहू.

पूर्वी घरात रांजण असे. सकाळी शिळे पाणी तुळशीला नाहीतर परसातल्या अळवाला ओतायचे, रांजण आतून घासायचा आणि मग भरायचा, ही घरोघरची रीत होती. रांजणाचा तळ रोज दिसत असे. टाकी आली, बायकांच्या डोईवरचा हंडा उतरला, हे फार चांगले झाले. पण टाकीचा तळ दिसेनासा झाला. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला मिळावे, असे तिचे माप आहे. कित्येक घरी योजनेचे औषध टाकलेले चांगले पाणी येते आणि ते जाऊन पडते वीस वर्षांच्या गंजक्या टाकीत. वरून दूध चांगले आले, तरी भांडे विटाळलेले असेल तर काय उपयोग?

बैल घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो, अंग चाचपतो, आणि खूर व चाल पाहतो. टाकीचेही तसेच तीन ठिकाणी पाहावे. तिचे पाणी, तिचे अंग आणि तिचे पाय.

पहिले : पाणी

पाण्यातला बदल घरात सगळ्यांत आधी कळतो तो घरधनीणीला. चहाचा रंग काळपट होतो, पांढरे धोतर धुतल्यावर तांबूस पडते, हंड्याच्या तळाशी लाल गाळ बसतो, सकाळच्या पहिल्या पाण्याला वास येतो. ती हे सांगते, आणि आपण ‘पाणीच तसले आहे’ म्हणून सोडून देतो. पाणी तसले आहे की टाकी तसली आहे, हे ओळखायला एक सोपा उपाय आहे.

काचेचे तीन स्वच्छ ग्लास घ्या. एकात पाणी टाकीत पडते त्या तोटीचे, म्हणजे बोअरचे किंवा योजनेचे पाणी घ्या. दुसऱ्यात टाकीतून थेट काढलेले. तिसऱ्यात घरातल्या नळाचे, तेही पहाटे कोणी नळ सोडण्याआधीचे. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. पहिला स्वच्छ आणि दुसरा तांबूस, तर दोष टाकीचा. पहिले दोन स्वच्छ आणि तिसरा तांबूस, तर दोष घरातल्या जुन्या लोखंडी पाइपाचा. टाकी बदलून उपयोग नाही. पहिलाच ग्लास काढताना स्वच्छ होता आणि काही तास ठेवल्यावर लालसर झाला, तर जमिनीतल्या पाण्यातच लोह आहे. असे एका ग्लासावरून हजारो रुपयांचा चुकीचा खर्च वाचतो.

डोळ्यांना न दिसणारी घाणही असते. त्यासाठी पाणी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्य सेवकाकडे विचारणा करा. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे ओटी चाचणीने जागच्या जागी कळते. पाण्याला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. काळी पडणारी बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. काळे झाले तर त्यात मैल्याचे जंतू असल्याचा संशय धरायचा. तोटीच्या पाण्यात क्लोरीन दिसते आणि टाकीच्या पाण्यात दिसत नाही, तर टाकीतला गाळ आणि शेवाळ ते खाऊन टाकते, असे समजावे. अधिक तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत.

दुसरे : अंग

टाक्या चार जातींच्या. प्रत्येकीचे म्हातारपण वेगळे.

जस्ती पत्र्याची टाकी घ्या. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो आणि आतल्या लोखंडाला वाचवतो. मुलामा संपला की लोखंडाची पाळी येते. गंज आधी धरतो तो दोन जागी. एक, पाणी रोज वरखाली होते त्या पट्ट्यात. दुसरी, तळाशी गाळाच्या खाली. टाकी थेट स्लॅबवर टेकवून ठेवली असेल तर बाहेरून तिच्या बुडाखाली ओल राहते आणि तेथूनही पत्रा सडतो. वरून रंग चकचकीत, बुड गेलेले. पाहायचे असेल तर टाकी रिकामी करून तळाच्या कडेला पेचकसाने जरा दाबून पाहा. पत्रा दबला किंवा पापुद्रा सुटला तर तिचे दिवस भरले. भरलेल्या टाकीला मात्र असे टोचू नका; भोक पडले तर सगळे पाणी अंगावर.

विटांची, आतून गिलावा केलेली टाकी असेल तर तिला बाहेरून पांढरा क्षार फुटतो, भिंतीला ओल धरते, कोपऱ्यात बारीक चीर पडते. सिमेंट-सळईच्या टाकीचा रोग अधिक खोल असतो. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून सिमेंटला रेटतो आणि ढलपे सुटू लागतात. माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो ना, तशी ही टाकी छोट्या हातोडीने हलके वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तेथे आतून सुटले आहे. तांबूस ओघळ दिसला तर सळई गंजली आहे.

प्लॅस्टिकच्या टाकीला गंज नाही, पण ऊन तिचा शत्रू आहे. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेली टाकी वरून पांढुरकी होते, बोट फिरवले तर भुकटी लागते. मग प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. तडा बहुधा बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या जोडाशी किंवा बुडाच्या कडेला जातो. टाकीचे पोट एका बाजूला फुगले असेल तर तिला खालून सारखा आधार नाही, हे समजावे.

गळती मोजायचीही रीत आहे. रात्री सगळे झोपले की टाकीत येणारा आणि जाणारा, दोन्ही कॉक बंद करा. पाण्याच्या पातळीवर कोळशाने खूण करा. सकाळी पाहा. टाकी चार फूट लांब, चार फूट रुंद असेल आणि पाणी एक इंच उतरले, तर रात्रीत साधारण ३८ लिटर पाणी गेले. चार-पाच शेळ्यांना पुरेल एवढे पाणी झिरपून भिंतीत चालले आहे. विटांची टाकी बरेच दिवस कोरडी असेल तर मोजण्याआधी एक दिवस भरून ठेवावी, कारण कोरडा गिलावा स्वतःही पाणी पितो. कॉक बंद असताना पाणी उतरले नाही, पण एरवी उतरते, तर गळती टाकीत नसून पुढच्या पाइपात किंवा एखाद्या तोटीच्या वॉशरमध्ये आहे.

तिसरे : पाय

पाणी आणि अंग पाहणारे तरी काही लोक असतात. पाय कोणी पाहत नाही. आणि जीव जातो तो पायांमुळे.

वजनाचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी भरली म्हणजे दहा क्विंटल. शंभर किलोची ज्वारीची दहा पोती आपण घराच्या एका कोपऱ्यावर एकावर एक रचून ठेवू काय? आणि तीही उन्हापावसात, वर्षाचे बाराही महिने? टाकीचे माप माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. जे येईल तेवढे लिटर, आणि तेवढेच किलो. चार फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल टाकी म्हणजे १,३०० किलोंहून अधिक. त्यात टाकीचे स्वतःचे वजन आणखी.

आता हे वजन कशावर आहे ते पाहा. लोखंडी घोडीवर असेल तर तिचे पाय जेथे सिमेंटात किंवा जमिनीत शिरतात, तेथे तासून पाहा. वर रंग शाबूत असतो आणि नेमका तेवढा भाग गंजून कागदासारखा झालेला असतो. विटांच्या खांबांवर असेल तर ओळंबा सोडा. खांब झुकला असेल, सांध्यातला चुना-माती धुऊन गेली असेल तर टाकी आजच रिकामी करा. स्लॅबवर असेल तर खालच्या खोलीत जाऊन छताकडे पाहा. टाकीच्या बरोबर खाली ढलपे सुटले असतील, गंजकी सळई उघडी पडली असेल, तर टाकीची गळती हा लहान प्रश्न आहे. छत हा मोठा. त्यावर गिलाव्याचा थर मारून ते झाकू नका. जाणत्या इंजिनिअरला दाखवा आणि तोवर टाकी खाली आणा.

माळवदाच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतींच्या घरावर टाकी मुळीच चढवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड छत झोपलेल्या माणसांवर आले. असल्या छतावर आपण होऊन आणखी दहा क्विंटल ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. अशा घरी टाकीसाठी अंगणात वेगळा, पक्क्या पायाचा चौथरा बांधावा. दहा फूट उंचीवरूनही न्हाणीघराला आणि स्वयंपाकघराला पाणी बऱ्यापैकी जोराने येते.

दुरुस्ती की नवी?

आता निवाडा. पाय गेले असतील तर आधी पाय. पाय सुधारल्याशिवाय त्यावर नवी टाकी ठेवू नका. पुष्कळ ठिकाणी लोक जुनी पत्र्याची टाकी काढतात, दुकानातून दुप्पट मोठी प्लॅस्टिकची आणतात आणि त्याच गंजक्या घोडीवर चढवतात. टाकी नवी, म्हणून सगळे नवे झाले असे त्यांना वाटते. खरे तर धोका दुप्पट झालेला असतो.

जस्ती टाकीला एखादेच भोक असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावून नट-बोल्ट आवळला की काही महिने निभते. वेल्डिंग करायला जाल तर झिजलेला पत्रा जळून भोक मोठे होते, आणि जस्ताचा धूर छातीत गेला तर वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. भोके दोन-तीन झाली तर समजा, बाकीची वाटेवर आहेत. टाकी बदला.

विटांची किंवा सिमेंटची टाकी पाय धड असतील तर दुरुस्त होते. पण गिलावा आतून करावा, बाहेरून नव्हे. आतल्या गिलाव्याला पाणी भिंतीवर दाबून धरते. बाहेरच्या गिलाव्याला तेच पाणी ढकलून पाडते. सुटलेला सगळा भाग खरवडून काढावा, एक भाग सिमेंटला तीन भाग धुतलेली वाळू आणि वॉटरप्रूफ पावडर घ्यावी, कोपरे काटकोनात न ठेवता गोल करावेत आणि निदान आठ दिवस पाणी मारावे. घाई केली की गिलावा तडकतो. पुढे दोनदा टाकी भरून ते पाणी सोडून द्यावे, मग प्यायला घ्यावे.

आतून रंग देण्याबद्दल मात्र कान उघडे ठेवा. उरलेला तेलरंग, डांबर किंवा शेंदरी रंग टाकीत लावू नका. शेंदरात शिसे असते. पूर्वी पाइपाचे सांधे ताग आणि सफेदा लावून आवळीत. त्या जुन्या सफेद्यातही शिसे असे. शिसे पाण्यात उतरले तर रंग नाही, वास नाही, चव नाही. पण लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. सांध्याला आता पांढरी टेफ्लॉनची पट्टी मिळते, ती वापरावी. आतून थर द्यायचाच असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलाच घ्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.

तडकलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीला चिकटवून, वितळवून ठिगळ बसते, पण फार दिवस टिकत नाही. तोवरच्या सोयीपुरते ठीक.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकी गळते म्हणून फवारणीच्या औषधाचा रिकामा पिंप धुऊन पाण्याला लावू नका. तो दहा वेळा धुतला, राखेने घासला, उन्हात ठेवला, तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेले विष निघत नाही. तो पिंप माणसाच्या पाण्याला नको, जनावराच्याही नको.

साफ करताना

टाकी म्हातारी असो की तरणी, वर्षातून दोनदा तरी धुवावी. एकदा मृगाच्या आधी, एकदा दिवाळी झाल्यावर. ज्या गावांत अमावस्येला औत धरत नाहीत, तेथे तोच दिवस बरा. घरात हंडे-कळशा भरून ठेवा आणि कामाला लागा.

सुरुवात विजेपासून. मोटरचा नुसता खटका बंद करून भागत नाही. फ्यूज काढून खिशात ठेवा. ओल्या टाकीत उघडी वायर घेऊन दिवा सोडू नका. वर जाताना सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा न सांगता मोडतो. असे जुने पत्रे कापू-घासूही नयेत, त्यांतली धूळ छातीला घातक आहे.

जमिनीतल्या टाकीत आणि खोल बंद टाकीत उतरण्याआधी थांबा. झाकण लावून राहिलेल्या टाकीत हवा खराब होते. लोखंडी टाकीत गंजच हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. आत गेलेला माणूस आवाज न करता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. म्हणून झाकणे बराच वेळ उघडी ठेवा, शक्य तर पंख्याने आत वारा घाला, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोन धडधाकट माणसे उभी ठेवा. आतला बोलायचा थांबला तर दोराने ओढायचे, मागे उतरायचे नाही. आत पेट्रोल-डिझेलचा पंप चालवायचा नाही. बाहेरून खराट्याने काम होत असेल तर उतरूच नये, हे उत्तम.

टाकीत वीतभर पाणी ठेवून तळ ढवळा आणि तो गढूळ राडा तळाच्या नळीतून किंवा बादलीने बाहेर काढा. घरातल्या नळांतून सोडू नका, पाइप चोंदतील. भिंती काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशाने घासा. प्लॅस्टिकला आणि जस्ताला तारेचा ब्रश लावू नका. भिंती घासायच्या त्या नुसत्या शेवाळासाठी नव्हे. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी सोडले तरी ती अंडी कोरडी होऊन काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. मोठी टाकी दर आठवड्याला रिकामी होत नसेल तर निदान झाकण घट्ट हवे, आणि सांडव्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी.

टाकी दोनदा खळबळून धुतली की औषध घाला. हजार लिटरला १५० ते २०० ग्रॅम टीसीएल पावडर बादलीभर पाण्यात कालवा, चोथा बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत ओता आणि टाकी काठोकाठ भरा. वाऱ्याकडे पाठ करा, तोंडाला फडके बांधा. पावडरीत ॲसिड किंवा संडास धुण्याचे औषध मिसळू नका, विषारी वायू सुटतो. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा. रात्रभर तसेच राहू द्या. ते पाणी माणसांना नको, जनावरांना नको, पिकालाही नको. विहिरीपासून लांब, मोकळ्या जागी सोडा. मग ताजे पाणी भरा.

रोजच्या पाण्यासाठी एवढे औषध लागत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल तर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक भरलेला चमचा, आणि अर्धा तास थांबून पाणी वापरावे. योजनेच्या पाण्यात ग्रामपंचायतीने औषध टाकलेले असेल तर वरून आणखी नको. पावडरीचा डबा घट्ट झाकून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावा. उघडी राहिली की तिचा जोर जातो आणि मग आपण नुसता चुना टाकत राहतो.

नवी घ्यायची झाली तर

किती मोठी घ्यावी? घरात सहा माणसे असतील तर ५५ लिटरच्या मापाने दिवसाला ३३० लिटर लागतात. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात ६०-७० लिटर धरा, पण गोठ्याचे पाणी खाली हौदातच ठेवा, वर चढवू नका. पाणी एक दिवसाआड येत असेल तर माणसांसाठी ७०० ते १,००० लिटरची टाकी पुष्कळ झाली. विनाकारण मोठी टाकी म्हणजे वजनही जास्त आणि पाणीही शिळे.

प्लॅस्टिकची टाकी सपाट, पक्क्या ओट्यावर बसवावी. बूड सगळीकडे टेकले पाहिजे. दोन तुळयांवर अधांतरी ठेवली की काही वर्षांत बूड खचते. जस्ती टाकीचे उलट आहे. तिच्या बुडाखाली विटांच्या ओळी देऊन हवा खेळती ठेवावी. बाहेर जाणारा नळ तळापासून दोन-तीन बोटे वर असावा, म्हणजे गाळ घरात येत नाही, आणि गाळ काढायला तळाशी वेगळी नळी ठेवावी. पाइपाचे वजन टाकीच्या जोडावर लोंबकळत ठेवू नये. वळवाच्या वाऱ्यात रिकामी प्लॅस्टिकची टाकी पालथी होते, कधी उडते, म्हणून ती बांधून ठेवावी. झाकणाला कुलूप घालावे. घरात लहान मुले आहेत आणि मुले चढतात. वर सावली करता आली तर टाकीचे आयुष्यही वाढते आणि पाणीही थंड राहते.

जुनी टाकी भंगारात देण्याआधी विचार करा. बुडाला भोके पडलेली पत्र्याची टाकी आडवी कापून, कडा वळवून घेतली तर गांडूळखताला चालते. तडा ठिगळून घेतलेली प्लॅस्टिकची टाकी जीवामृत कालवायला उपयोगी पडते. जन्मभर पाणी सांभाळलेल्या भांड्याला शेतात काम मिळते.

शेवटी एक सोपे काम. नवी असो की जुनी, टाकीच्या अंगावर काळ्या रंगाने ती बसवल्याचे साल लिहा. त्याखाली प्रत्येक वेळी धुतल्याचा महिना लिहा. घरातल्या शिकणाऱ्या पोराला किंवा पोरीला ते काम द्या. पाच वर्षांनी कोणी वर चढले तर त्याला टाकीचे वय विचारावे लागणार नाही. बैल गेल्यावर झोपा बांधणाऱ्यांत आपली गणना व्हायला नको. येत्या अमावस्येला शिडी लावा आणि आधी पाय पाहा.